लपण हद्दीबाहेर, दोर हद्दीत

त्या लपणाला खिडकी नव्हती.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना आठ-दहा दिवसांवर आली होती आणि कुठल्या जागेवरून किती पाणी नजरेत येतं ते बघत मी आणि आमचे वनमजूर दादा काठाकाठानं चाललो होतो. पाणकणसाच्या बेटाआड एक लपण दिसलं. मी म्हटलं, "नानांनी अजून एक बांधलं वाटतं." दादा "हं" म्हणाले आणि आम्ही पुढं गेलो. शंभरेक पावलं गेल्यावर माझे पाय थांबले. फोटोवाल्यांचं लपण आणि त्याला खिडकी नाही?

परत फिरलो.

मी नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात वनरक्षक आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथं इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्यामागं वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, गाळावर पाणकणीस माजलं, उथळ पाणी झालं आणि पक्ष्यांना ते मानवलं. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, तेही सालिम अलींचं नाव घेऊन. इथला चहावालासुद्धा सांगतो.

माझं माहेर सिन्नरचं, दुष्काळी बाजूचं. लहानपणी पाणी बघायचं ते टँकरचं. त्यामुळं या नोकरीत पहिली दोन वर्षं मी नुसती पाण्याकडं बघत काढली असं आमचे वनपाल चेष्टेनं म्हणतात.

आता लपणाचं सांगते. लपण म्हणजे आडोसा. चार मेढी, त्यावर पाचट नाहीतर पाणकणसाची पानं, आत एक-दोन माणसं दम धरून बसतील एवढी जागा. आमच्या भागात ही बांधावीत तर नानांनीच. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक. त्यांचे वडील देवळालीच्या कॅम्पातल्या साहेबांसाठी बदकांच्या शिकारीची लपणं बांधत, तो हात नानांकडं आला. शिकार गेली, हात राहिला. मग फोटोवाले आले आणि नानांना पुन्हा काम मिळालं.

शिकारीचं आणि फोटोचं लपण यांत फरक काय, हे मला नानांनीच एकदा बांधावर बसून शिकवलं होतं. बदक उतरताना वाऱ्याला तोंड करून उतरतं. म्हणून शिकारी वारा पाठीशी घेऊन बसतो, पाखरू आपोआप समोरून येतं. फोटोवाल्याला वाऱ्याचं काही नाही, त्याला सूर्य पाठीशी लागतो. शिकाऱ्याच्या लपणाला छप्पर नसतं, कारण बंदुकीची नळी वर फिरवता आली पाहिजे. फोटोवाल्याला छप्पर चालतं, उलट हवंच. पण त्याची खिडकी खाली, पाण्यापासून वीतभर उंचीवर, म्हणजे पाखराच्या डोळ्याला डोळा मिळतो. "मॅडम, लपण बघितलं की आत कोण बसणार ते कळतं," नाना म्हणाले होते. "घराचं दार बघून घरातली माणसं कळतात तसं."

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या लपणासमोर उभी राहिले. छप्पर होतं, म्हणजे बंदूक नाही. खिडकी नव्हती, म्हणजे कॅमेरा नाही. मग मी गुडघ्यावर बसले. पाण्याकडच्या बाजूला अगदी जमिनीलगत मूठभर भोक होतं. भोकाच्या खालच्या कडेला चिखलात एक घळ पडलेली, बोटभर खोल, आतून गुळगुळीत, जशी जुन्या विहिरीच्या दगडाला दोरानं पडते तशी. घळीत दोन-तीन पांढरट तंतू चिकटलेले. दादांनी एक उचलून चोळला, वास घेतला. "केकताड," ते म्हणाले. म्हणजे घायपाताचा वाख.

दोर आतून ओढला जात होता. एकदा नाही, बऱ्याचदा.

समोर पाणी मागं हटलेलं होतं. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी, सुटलं की आमच्याकडं असंच होतं, चार दिवसांत काठ वीस-पंचवीस पावलं आत जातो. चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेलो. घोटाभर पाण्यात भिजलेली साळ पसरलेली होती. इगतपुरीकडं भात पिकतो. निफाडात द्राक्षं, ऊस, मका. इथं पाण्यात साळ आपोआप येत नाही.

बदकांना दाणे टाकून एका जागेची सवय लावायची. सवय लागली की दोन्ही बाजूंना जाळ्याचे पंख पाण्याखाली आडवे पसरायचे, काठ्यांना बांधून. पहाटे पाखरं दाण्यावर जमली की लपणातून दोर ओढायचा. उघडं पुस्तक खाडकन मिटावं तसे दोन्ही पंख मधोमध येऊन मिटतात. आवाज नाही, छर्रा नाही, माल जिवंत. त्या वेळी जाळं तिथं नव्हतं. ते रात्री येणार होतं.

हे मी शांतपणे लिहितेय, पण तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, आणि तो शिकाऱ्यांमुळं नव्हता. लपणाच्या मेढीवरची गाठ मी ओळखली होती. नाना मेढी बांधताना दोन वेढे देऊन तिसरा खालून घेतात आणि टोक आत खोचतात, बाहेर शेपूट ठेवत नाहीत. वाऱ्यावर शेपूट हललं तरी पाखरू बुजतं म्हणून. तीच गाठ.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. लपणापासून आठ-दहा पावलांवर आमचा हद्दीचा दगड होता, चुना लावलेला. लपण दगडाच्या बाहेरच्या अंगाला होतं. तिथं ते का होतं ते मला ठाऊक होतं, कारण ते मीच सांगितलं होतं.

झालं असं की आदल्या हिवाळ्यात पुण्याच्या काही फोटोवाल्यांनी नानांना लपण बांधायला सांगितलं. नाना सरळ माणूस, मला विचारायला आले. मी त्यांना त्याच पट्ट्यात घेऊन गेले. ओळीतले दोन दगड दाखवले आणि म्हटलं, या रेषेच्या आत अभयारण्य. आत शिरायला वन्यजीव कायद्याचं कलम २७ आड येतं, फोटो काढायचा तर कलम २८ खाली परवाना लागतो, आणि काही बांधायचं तर विचारूच नका. बाहेरची जमीन गाळपेराची, म्हणजे पाणी हटलं की पेरायची, ती पाटबंधारे खात्याची. त्यांची ना हरकत घ्या आणि खुशाल बांधा. "हद्दीबाहेरच्या लपणाशी आमचा संबंध नाही, नाना," हे माझे शब्द. वर चहा पिता पिता, चक्रांग बदकं कुठल्या कोपऱ्यात जास्त उतरतात तेही सांगितलं होतं. फोटोसाठी.

आमच्या आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांना फोन केला तेव्हा गाठीचं सांगितलं, चहाचं नाही सांगितलं. ते संध्याकाळपर्यंत पोटात ठेवलं आणि मग न राहवून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आधी माणूस पकडू."

अमावस्येची रात्र होती. अशा कामाला अंधारच लागतो. आम्ही सहा जण. पंच मिळवणं हे या खात्यातलं सगळ्यात अवघड काम, बिबट्या पिंजऱ्यात घालणं त्यापुढं सोपं. गावातलं वैर कोण घेणार आणि पुढं वर्षानुवर्षं तारखांना कोण जाणार? शेवटी ग्रामपंचायतीचा शिपाई तयार झाला, आणि दुसरे मिळाले ते एक द्राक्षबागायतदार. त्यांना शेतीपंपाची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. "नाहीतरी जागाच आहे," म्हणत बागेला पाणी लावून ते मफलर गुंडाळून आले.

अडीच वाजता आम्ही उसाच्या कडेला बसलो. बोलायचं नाही, मोबाइल बंद, खोकला आला तर टोपीत. निफाडची थंडी ज्यानं पेपरात वाचलीय त्यानं ती वाचलीच आहे. जमिनीतून चढते.

अशा वेळी डोकं भलतीकडं जातं. मला भरतपूर आठवलं. लग्नानंतर नवऱ्याला ताजमहाल दाखवते म्हणून आग्र्याला नेलं आणि दुसऱ्या दिवशी भरतपूरला पळवलं, अजून ऐकवतो तो. तिथं केवलादेव उद्यानात दगडी फलकांवर शिकारीचा हिशेब कोरलेला आहे: तारीख, पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, ४,२७३ पक्षी. एका दिवसात. मी तो आकडा दोनदा वाचला, नवऱ्यानं शेजारी उभं राहून फोटो काढला. आमच्या अख्ख्या गणनेत एखाद्या ठिकाणी एवढे पक्षी आले तर आम्ही पेढे वाटू.

मग ते पुण्याचे फोटोवाले काका आठवले. बरीच वर्षं कॅलिफोर्नियात काढून निवृत्तीनंतर परतलेले. गेल्या वर्षी नानांच्या लपणात एक सकाळ मी त्यांच्याबरोबर बसले होते, बसणाऱ्यावर लक्ष ठेवणं हेही कामच. ते कुजबुजत सांगत होते की तिकडं बदकांची शिकार अजून कायदेशीर आहे, आणि काही ठिकाणी पक्षी अभयारण्याच्या ठरावीक भागातसुद्धा. त्यासाठी दर वर्षी पंचवीस डॉलरचं बदकाचं तिकीट घ्यायचं, १९३४ पासून चालू आहे, आणि त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेतात. सूर्योदयाला अर्धा तास उरेपर्यंत बंदूक उचलायची नाही, सूर्य मावळला की खाली. बंदुकीत तीनच काडतुसं. शिशाचा छर्रा १९९१ पासून बंद. अभयारण्याच्या जागेत आडोसा उभा केला तर बहुतेक ठिकाणी संध्याकाळी घरी जाताना मोडून न्यायचा. आणि दाणे टाकलेल्या जागेवर गोळी झाडायची नाही. दाणे उचलले तरी पुढचे दहा दिवस ती जागा बाद.

मी ऐकत होते. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की एवढं सगळं मोजायला त्यांच्याकडं माणसं किती? आमच्याकडं नियम एका ओळीचा आहे: मारायचं नाही. अभयारण्यात नाही, बाहेर नाही, गाळपेरात नाही, स्वतःच्या शेतात नाही. हे लोकांना खरंच माहीत नसतं. हद्दीबाहेर चालतं असं शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात. त्याला कारणही आहे. १९७२ चा कायदा आला तेव्हा काही प्राणीपक्षी परवाना काढून मारता येत होते, ती सोय १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. नानांना त्या परवान्यांचा काळ आठवतो. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा दहा किलोमीटरच्या आतल्या बंदुकवाल्यांना नावं नोंदवावी लागली, कलम ३४, तेही त्यांना आठवतं. घरातली बारा बोअर त्यांनी त्याच सुमारास जमा करून टाकली. "पाखरू गेलं तर नळी कशाला पुसायची," म्हणाले होते.

मग नाना, हे काय?

सव्वाचारला पाण्यात पावलं वाजली. दोन माणसं होती, बॅटरी नाही. जाळं पसरायला त्यांना वीस मिनिटंही लागली नाहीत, म्हणजे हात बसलेला होता. मग एक जण लपणात शिरला आणि दुसरा बांधाकडं सरकला. साहेबांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. थांब. पाखरू अडकल्याशिवाय नाही.

ही वाट बघणं मला आवडलं नाही, खरं सांगते. जाळं पसरलेलं दिसतंय, साळ टाकलेली आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत आमिष दाखवणं, सापळा लावणं, त्याचा प्रयत्न करणं, सगळं शिकारच आहे. मग अडकू कशाला द्यायचं? पण कोर्टात उभं राहिल्यावर 'मासे धरत होतो' हे ऐकायला लागतं, ते साहेबांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेलं आहे.

पूर्वेला किंचित राखाडी झालं तेव्हा डोक्यावरून पंखांची सळसळ गेली. चक्रांग उतरताना पाणी फाटल्यासारखा आवाज येतो, बारीक. मग चुळचुळ, चोची गाळातून फिरवण्याची. थवा मोठा होता.

ओली गोधडी दोघींनी धरून झटकावी तसा आवाज झाला.

आम्ही धावलो. मला धावताना काही दिसत नव्हतं, चिखलात एक बूट राहिला तो राहिला. बांधावरचा माणूस उसात पळाला, तो त्या दिवशी सापडला नाही. लपणातला मात्र बाहेर येईपर्यंत दादांनी दार अडवलं. पंचवीसच्या आतबाहेरचा पोरगा, हातात अजून दोर. त्याच्या तोंडावर बॅटरी मारली आणि मी ओळखलं. नानांच्या बहिणीचा नातू. आमच्या फोटोवाल्या लपणाच्या मेढी यानंच डोक्यावरून आणून टाकल्या होत्या.

त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही. उलट दगडाकडं बोट दाखवलं. "मी हद्दीबाहेर आहे, मॅडम. तो बघा दगड. बाहेरच्या लपणाशी तुमचा संबंध नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

"नानांनी. नानांना तुम्हीच सांगितलं ना."

सगळे माझ्याकडं बघत होते की नाही ते अंधारात कळलं नाही. बागायतदार पंचांनी मफलर नीट केला.

जाळ्यात अकरा पक्षी होते, नऊ चक्रांग आणि दोन वारकरी. दोन चक्रांग जाळ्याखाली पाण्यात दाबले जाऊन मेले होते. बाकीचे सोडवायला तासभर लागला, कारण तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, पंखांच्या मुळाशी करकचून बसतं आणि कापायचं तर मुद्देमाल कापला जातो. साहेब म्हणाले, कापा. वारकऱ्याला मी धरलं होतं. काळा पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र पट्टा, गंध लावल्यासारखा, म्हणून ते नाव. त्याच्या पायाची बोटं बदकासारखी पडद्यानं जोडलेली नसतात, प्रत्येक बोटाला कडेनं पानासारख्या वेगळ्या पाकळ्या असतात. त्या पाकळ्यांमध्ये तंगूस अडकलेलं. मी एकेक सोडवत होते आणि तो मनगटावर नखं मारत होता. सोडला तेव्हा पाण्यावर पळत गेला, उडण्याआधी त्यांना तसं पळावंच लागतं, पाण्यावर पावलांची ओळ उठत गेली आणि पाणकणसात शिरला.

उजाडल्यावर पंचनामा. आणि तेव्हा त्या पोराचं बोट जिथं दाखवत होतं ती रेषा मोजायची वेळ आली.

शिकार बाहेर झाली काय आणि आत झाली काय, गुन्हा तर आहेच. पण आत झाली असेल तर शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. याच कायद्याखाली आधी शिक्षा झालेली असेल तर जामिनालाही कलम ५१ अ ची अट लागते, सरकारी वकिलांचं ऐकल्याशिवाय कोर्ट सोडत नाही. म्हणजे एका पोराची काही वर्षं त्या चुन्याच्या दगडावर टांगलेली. जीपीएसचं यंत्र चार-पाच मीटरचा फरक दाखवतं, त्यावर भागणार नव्हतं. साहेबांनी दोन्ही दगडांमध्ये सुतळी ताणायला लावली आणि टेप काढला.

लपण रेषेच्या बाहेर, आठ मीटरवर. जाळ्याची जवळची कड रेषेच्या आत, एकोणीस मीटरवर. साळ त्याच्याही पुढं. मधल्या चिखलातून दोर गेलेला, एकूण चौतीस मीटर.

मग कळलं काय झालं होतं ते. नानांनी लपण बांधलं तेव्हा पाणी पायथ्याशी होतं. आवर्तन सुटलं, पाणी आत हटलं, पाखरू पाण्याबरोबर गेलं. पोरानं लपण हलवलं नाही, कारण लपण बाहेर असलं की झालं असा त्याचा समज. फक्त दोर लांब केला. घळ बोटभर खोल झाली ती त्या लांब दोरामुळं, ओल्या केकताडाचं वजन काय असतं ते उचलून बघावं.

"वकील म्हणेल की माणूस बाहेर होता," मी म्हटलं.

साहेबांनी टेप गुंडाळला. "पाखरू कुठं अडकलं?"

"आत."

"मग झालं."

नानांना दुपारी बोलावलं. ते पायजम्यावर कोट घालून आले, जसे लग्नाला जातात. जबाब सहायक वनसंरक्षक साहेबांसमोर झाला, असा जबाब घ्यायचा अधिकार त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला असतो, तो पुढं कोर्टात पुरावा म्हणून चालतो. मी कोपऱ्यात उभी होते. नानांनी काही लपवलं नाही. लपण मी बांधलं. नातू म्हणाला, फोटोवाल्यांनी दुसरं मागितलंय, खिडकी ते स्वतः कापणार आहेत. मी बिनखिडकीचं बांधून दिलं. भोक माझं नाही. दोराची घळ माझी नाही. जाळं मी वडिलांच्या हातातसुद्धा बघितलं नाही, आम्ही जाळेवाले नव्हतो.

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चढला. शिकाऱ्यालाही पायरी असते, हे मला तेव्हा कळलं.

"हद्द कुठं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कशी?"

नाना गप्प बसले. माझ्याकडं बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिले. लिहिणाऱ्या लेखनिकाचं पेन थांबलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. तरी नाना गप्प. मग मीच म्हटलं, "मी सांगितली होती, साहेब. दगड मी दाखवले. बाहेरच्या लपणाशी आपला संबंध नाही असंही मीच म्हटलं होतं."

"लिहू?" लेखनिकानं विचारलं. मला विचारलं की साहेबांना, अजून कळलेलं नाही.

"लिहा," मी म्हटलं.

प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळं पुढचं लिहिता येत नाही. गुन्ह्याला मदत केल्याचं कलम ५२ नानांवर लावायचं का, यावर आमच्याकडं दोन दिवस खल झाला. जाळ्याची कल्पना होती असं काही हाती लागलं नाही, म्हणून ते साक्षीदार आहेत. ते लपण मोडून मुद्देमालात घ्यायचं होतं. गाठी सुटेनात, शेवटी कोयत्यानं तोडल्या. चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं लिहिली: केकताडाचा दोर, चौतीस मीटर, एका टोकाला झिजलेला.

गणना ठरल्याप्रमाणे झाली. मी त्या कोपऱ्यातच बसले होते, उघड्यावर, दुर्बीण घेऊन. चक्रांग त्या जागेवर उतरले नाहीत, पलीकडच्या काठाला होते.

फेब्रुवारी संपता संपता नाना चौकीवर आले. तोच कोट. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पुण्याच्या काकांचा फोन आला होता म्हणाले, पुढच्या हिवाळ्यासाठी लपण पाहिजे. मग खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"कुठं बांधायचं, पाणी हटलं तर काय करायचं, आत कोणी बसायचं, समदं यावर लिहून द्या, मॅडम. सहीशिक्क्यानं. तोंडी नको."